पाव्हण्याच्या दारावरचे आबा

मालवणचे आबा तारी. हे नाव आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं. आखातातल्या या बेटावर आज मी धडधाकट बसून दोन ओळी लिहू शकतो आहे ते त्यांच्यामुळे. लिहायची मला सवय नाही. शाळा पाचवीत सुटली. आमच्या कुणकेश्वराकडे शाळेच्या वाटेवर एक साकव होता, तो एका पावसात वाहून गेला, आणि नवा होईपर्यंत मी किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याचा दोर ओढायला लागलो होतो. मग कोण परत शाळेत जातो. त्यामुळे शब्द चुकेल, मागचं पुढे होईल, अशी धास्ती मनात आहेच. पण आबांवर दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि आबा स्वतः तर आता बोलेनासेच झालेत. म्हणून मी बसलो.

माणूस बुटका, काळा, पाय किंचित फाकलेले. जमिनीवरही ते गलबताच्या फळीवर चालावं तसे चालायचे. तेल कंपनीने दिलेल्या टोपीखाली लाल पंचा गुंडाळलेला असायचा आणि खिशात घरची कोकमाची सोलं. तंबाखूची, विडीची मनाई होती, म्हणून दिवसभर सोल चघळत. साहेबाने एकदा मागून घेतलं आणि तोंड असं वाकडं केलं की आबा आठवडाभर तेवढंच सांगत होते.

आधी ते गलबतावर तांडेल होते. कौलं घेऊन वर आखाताकडे जायचे, बसऱ्याहून खजूर भरून यायचे. पुढे गलबतांना माल मिळेना. त्याच सुमाराला आखातात तेलवाल्यांनी समुद्राच्या तळाशी पाइप टाकायला घेतले आणि त्यांना दर्या जाणणारी माणसं हवी झाली. आबा त्यात शिरले आणि मुकादम झाले. रजेवर निघाले की साहेब सांगायचा, येताना तुझ्यासारखी माणसं आण. मग आबा मालवणपासून देवगडपर्यंत गावोगाव फिरत. ज्याला न्यायचं त्याच्याशी बोलत नसत. त्याच्या आईशी बोलत.

आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, ते येऊन उकिडवे बसले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. आईने तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. त्याला हात न लावता म्हणाले, "वयनी, झिलाक माझ्यावांगडा धाड. हातापायान आखो आणून ह्याच खळ्यात उभो करतंय."

आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मग तिने वाकून तांब्या उचलला आणि त्यांच्या हातात दिला. तेव्हा कुठे ते पाणी प्याले.

नंतर कळलं की मुलाला धडधाकट परत आणायचा हाच शब्द त्यांनी प्रत्येक घरी दिला होता. मसुऱ्याला अनंताच्या आईलाही. अनंता आणि मी एकाच बोटीने आलो. तो माझ्याहून थोडा मोठा, आईचा एकुलता, आणि तोंडाने असा की आगबोटीतल्या उलट्यांतही माणसाला हसवील.

आमचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. बेटापासून लांब, भर समुद्रात लोखंडी खांबांवर एक फलाट उभा आहे. तिथे विहिरींचं तेल वर येतं आणि समुद्राच्या तळावरच्या पाइपातून बेटावरच्या टाक्यांकडे येतं. येता येता पाइपात मेण धरतं, वाळू साचते, पाणी बसून राहतं. ते साफ करायला पाइपाच्या आत एक मोठा दट्ट्या सोडतात. त्याला रबराच्या वाट्या असतात, तारेचे ब्रश असतात. मागून तेलाचा जोर लागला की तो सगळी घाण पुढे ढकलत, खरवडत समुद्राखालून बेटापर्यंत येतो. साहेब लोक त्याला डुक्कर म्हणतात. पण आमच्याबरोबर अरब होते, पठाण होते, ते त्या नावाला तोंड लावीनात. आबांनी त्याला पाव्हणा म्हणायला सुरुवात केली. 'पाव्हणो सुटलो', 'पाव्हणो इलो', असं. हळूहळू पठाणही तेच म्हणायला लागले, आणि शेवटी साहेबसुद्धा टेलिफोनवर 'पावना, पावना' करू लागला.

फलाटावरून पाव्हणा सोडायचा आणि बेटावर घ्यायचा. दोन्हीकडे पाइपाच्या टोकाला एक जाड नळकांडं असतं, त्याला आम्ही ट्रॅप म्हणतो. त्याला तोफेच्या तोंडासारखं गोल, जड दार. सोडताना पाव्हणा आत सारून दार लावायचं, मागून तेल सोडायचं, की गेला. घेणं कठीण. तो ट्रॅपमध्ये येऊन थडकला की मागचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आतलं तेल काढून टाकायचं, वरचा बारीक नळ उघडून कोंडलेला वायू जाऊ द्यायचा आणि मगच दार उघडायचं. आत जोर शिल्लक राहिला तर ते दार माणसाला विचारत नाही.

आबा दारासमोर कधी उभे राहिले नाहीत. पांढऱ्या रंगाने त्यांनी दारापुढे जमिनीवर पट्टा ओढून ठेवला होता. त्यात कोणी पाय घातला की कितीही मोठा असो, हाताला धरून बाहेर ओढत. एकदा मुंबईहून आलेल्या एका इंजिनियराला ओढलं. तो चिडला. आबांनी त्याला ऑफिसातल्या शुद्ध मराठीत सांगितलं, "साहेब, आपण इकडून पहा. इकडूनही तेवढंच दिसतं."

दुसरी त्यांची रीत होती संध्याकाळची. जेवायला बसलो की भात वाढण्याआधी प्रत्येकाने दोन्ही हात पुढे करायचे. आबा पातेल्याजवळ उभे राहून एकेकाचे पंजे उलटेपालटे बघत. कुठे खरचटलं, कुठे नख काळं पडलं, तर कसं झालं ते सांगितल्याशिवाय भात नाही. मिशा फुटलेली माणसं आम्ही, लाज वाटायची. मी तर नसलेली जखमही लपवायचो, इतका घाबरट. अनंता मात्र एकदा हातांबरोबर तोंडही उघडून बसला.

"आबानू, दात पण मोजून घेवा."

"दात तुझी आवस मोजतली," आबा म्हणाले. "माका हात दाखय. तिका तोंड दाखवचा आसा माका."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी खरोखर त्याचे हात पाहिले, दोन्ही बाजूंनी, आणि मग डाव भातात घातला.

आणि तिसरी रीत म्हणजे गाऱ्हाणं, देवाला घालायचं साकडं. गावात देवळात घालतात तसंच. पाव्हणा ट्रॅपमध्ये येऊन बसला, नळ उघडला, की दार उघडण्याआधी आबा गाऱ्हाणं घालायचे. आम्ही मालवणकडचे सगळे पट्ट्याच्या बाहेर डोकी खाली घालून, डोळे मिटून उभे. आबांचा आवाज लांबट, देवळातल्यासारखा येई:

"बा देवा म्हाराजा, ह्यो पाव्हणो दर्याच्या पोटातसून इलोसा. काळोखातसून इलोसा. तेच्यावांगडा काय वाकडा नाकडा इला आसात, तर ता दर्यात ऱ्हवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणायचो.

"ही परमुलखातली झिला तुझी आसत. तेंका हातापायान आखी घराक पोचय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

असं सगळ्या देवांची, वाटेतल्या सगळ्या ठिकाणांची नावं घेत ते लांबत जाई. परमुलखात, त्या भाजलेल्या वाळूवर, गंधकाच्या वासात ते ऐकताना मला वाटायचं, मी आमच्या गावच्या देवळातच उभा आहे आणि बाहेर आई वाट बघते आहे. गाऱ्हाणं संपलं की आबा दाराच्या बाजूने जाऊन पाना लावत. दार उघडे. आत काळ्या मेणाने माखलेला पाव्हणा निमूट बसलेला असे. साहेब पहिल्यांदा घड्याळ बघायचा, पण आबांच्या पाळीत कधी काही वाईट होत नाही हे पाहून तोही टोपी काढून उभा राहू लागला.

आम्ही ते असं समजून बसलो होतो की दार गाऱ्हाण्याने उघडतं. बोलून कोणी दाखवलं नसेल, पण समज तीच होती. डोळे मिटलेल्या माणसाला दुसरं काय कळणार.

त्या दिवशी पाळी उलटसुलट झाली. फलाटावरचा मुकादम आजारी पडला आणि पाव्हणा सोडायला साहेबाने आबांना तिकडे जायला सांगितलं. बेटावरच्या दाराशी उभं राहायचं होतं मी. सकाळपासून मी आबांच्या मागे मागे फिरत होतो. आबा नसताना दार, या विचारानेच. धक्क्यावर आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"भियालेल्या माणसान दारार उभा ऱ्हवाचा नाय," ते म्हणाले. "तू माझ्यावांगडा चल. अंता, तू ऱ्हव."

अनंताला तर तेच हवं होतं. फलाटाच्या बोटीत त्याला मळमळायचं. "ऱ्हवतंय आबानू. गाऱ्हाणा पण मीच घालतंय, सगळा पाठ आसा माका."

"घाल. घाई मात्र करू नको."

एवढंच बोलणं झालं. नंतर मी ते मनात इतक्या वेळा फिरवलं आहे की त्यात आणखी काही शब्द होते की काय, असा आता संशय येतो. नव्हते.

फलाटावर आम्ही पाव्हणा ट्रॅपमध्ये सारला. दार लावण्याआधी आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, घरून निघालेल्या पाहुण्याला मारावी तशी. तेल सोडलं. आबा पाइपावर तळवा ठेवून बसले, रापणीच्या दोरावर हात ठेवून जाळ्यात काय आहे ते अजमावतात तसे. पाइप जरा थरथरला. "गेलो," ते म्हणाले. मग दोघांनी सावलीत बसून डब्यातला भात खाल्ला. मला त्या दिवशी तो भात गोड लागला, कारण मी दारापासून लांब होतो.

दुपार कलल्यावर आमची बोट बेटाकडे निघाली. धक्का जवळ आला. धक्क्यावर आमची सगळी माणसं उभी होती, पण दोर घ्यायला कोणी पुढे होईना. आबा बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे होते. त्यांनी एकेक तोंड बघितलं. कोण नाही ते त्यांना तिथूनच दिसलं.

झालं होतं ते असं. पाव्हणा वेळेवर आला. अनंताने व्हॉल्व्ह बंद केला, तेल काढलं, वरचा नळ उघडला. नळातून काहीच आलं नाही. आतला जोर दाखवणारा काटाही शून्यावर होता. सगळे डोकी खाली घालून उभे राहिले आणि अनंताने आबांच्या आवाजात, अक्षर न गाळता, सगळं गाऱ्हाणं घातलं. घाई केली नाही. मग पाना लावला. नळ मेणाने बुजलेला होता, काटाही त्याच नळीवरचा. वायू आत तसाच कोंडलेला होता. दार सुटलं तेव्हा अनंता पट्ट्याच्या बाहेरच होता, पण दार तिथवरही पोचलं. तो जागीच गेला.

आबा ट्रॅपपाशी गेले. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं त्या बारीक नळाच्या तोंडावर नेऊन ठेवली. इतक्या सहज, की ती बोटं तिथे रोजची होती हे बघणाऱ्याला समजावं. आणि आम्हाला कळलं. आम्ही डोळे मिटून 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो, तेव्हा आबांचे डोळे उघडे असायचे. गाऱ्हाणं घालताना सगळा वेळ त्यांची बोटं त्या नळावर असायची. बोटांना वायूचा वारा आधी लागला पाहिजे, मग कमी होत होत थांबला पाहिजे. तो थांबेपर्यंत ते देवांची नावं वाढवत राहायचे. म्हणून कधी गाऱ्हाणं लांबायचं, कधी लवकर संपायचं. अनंताच्या दिवशी वारा येऊन थांबला नव्हता. तो सुटलाच नव्हता.

"गाऱ्हाणा शिकयलंय," आबा म्हणाले. आमच्याशी नव्हे, त्या लोखंडाशी. "हात शिकवूक नाय."

खोक्यांच्या फळ्या जमवून बेटाच्या टोकाला अनंताला अग्नी दिला. इतक्या लांब त्याला दुसरं काय करणार होतो. साहेब आला होता, पठाण आले होते. आबांनी सगळं रीतीने केलं.

त्यानंतर त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. आमच्यातल्या एकदोघांनी धीर करून सांगितलं, आबानू, गाऱ्हाण्याबगर दार उघडूक भय वाटता. त्यावर म्हणाले, भय वाटूंदे. प्रत्येक पाव्हण्याच्या वेळी ते आम्हाला ओळीने उभं करायचे आणि एकेकाची बोटं धरून नळावर ठेवायचे. वारा लागला का, सांग. आता कमी झाला का, सांग. लागलाच नाही तर मागे सर, तार घालून नळ मोकळा कर, परत ठेव. माझा हात कापायचा, तर स्वतःचा हात माझ्या हाताखाली धरून ठेवायचे. कधी कधी तास तास चालायचं. साहेबाने एकदा घड्याळ दाखवलं, आबांनी पाहिलंच नाही. मला आज हे काम येतं ते असं आलं. या बेटावर दाराशी आता मी उभा असतो, आणि माझ्या पाळीत अजून कोणाला काही झालेलं नाही. हे लिहितानाही भीती वाटते, पण खरं आहे ते खरं आहे.

कराराची मुदत संपली तसे आबा निघाले. साहेब आणखी थांब म्हणत होता. अनंताच्या अस्थी त्यांच्याकडे होत्या. मसुऱ्याला त्या मात्र त्यांनी दुसऱ्याच्या हाती धाडल्या.

मी पुढच्या रजेत मालवणला त्यांच्याकडे गेलो. बंदराजवळ माडांच्या वाडीत घर आहे. पडवीत बसून जाळं विणत होते. कोणाचं, तर कोणाचंच नाही; विणायचं आणि उसवायचं. मला बघून बसायला सांगितलं आणि परत मान खाली. काकी, म्हणजे त्यांच्या घरातल्या, मला मागच्या दारी घेऊन गेल्या. म्हणाल्या, आंगणेवाडीच्या जत्रेला आख्खं मालवण मसुऱ्यावरून जातं, हे घरात दार लावून बसतात. कणकवलीला जायचं झालं तरी मसुऱ्याची वाट नको म्हणून केवढा वळसा घेतात. आणि अनंताच्या आईने दोनदा निरोप धाडला. भांडायला नव्हे. तिचं म्हणणं, माझा झिल तिथे कसा राहत होता, काय खात होता, कोणाशी बोलत होता, ते मला येऊन सांग. तिला विचारायला दुसरं कोणी नाही.

मी पडवीत आलो. धीर गोळा करून म्हणालो, "आबानू, मी जातंय मसुऱ्याक. मी सांगतंय तिका."

जाळ्याची सुई थांबली. "तू जाव नको. शब्द माझो होतो."

"मगे तुमी चला."

"काय म्हणान जांव? आखो आणतंय म्हणान तिच्या हातचा पाणी प्यालंय मी."

त्यांनी जायला मना केलं तर मी कसा जाणार.

आगबोटीच्या दिवशी ते बंदरावर आले, न सांगता. किल्ल्याच्या बाजूने वारा होता, आगबोटीपर्यंत नेणारा पडाव हलत होता. मी चढताना पाय घसरला तर मागून कोणीतरी कोपराला धरून वर लोटलं. बघतो तर आबा, धोतर गुडघ्यावर भिजलेलं. पडाव सुटला. बाकीचे पोचवायला आलेले हात हलवत होते. आबा पाण्यातच उभे होते, आणि ते माझ्याकडे नाही, पडाव वल्हवणाऱ्यांकडे बघत होते. त्यांना काहीतरी ओरडून सांगत होते. वाऱ्याने मला ऐकू आलं नाही. लाट आली तसे ते एक पाऊल मागे सरले, मग परत पुढे आले. आगबोटीच्या शिडीवर चढेपर्यंत लाल पंचा दिसत होता.

त्याला आता बराच काळ लोटला. पण माझ्यावरचं त्यांचं ऋण फेडायचं तर कुठे जायचं ते मला ठाऊक आहे. पुढची रजा मिळाली की मी आधी मालवणला उतरणार, घरी नंतर. आबांचा हात धरून त्यांना मसुऱ्याला नेणार. नाही म्हणाले तर पडवीत बसून राहीन, जेवणार नाही. ते अनंताच्या आईच्या खळ्यात नुसते उभे राहिले तरी पुरे. त्यांनी तोंड उघडायला नको. अनंता जेवायला बसल्यावर आम्हाला कसा हसवायचा, ते तिला मी सांगेन.